एकशे शहाण्णव किलोंचा प्रश्न

"गाडी कुणासाठी बघताय ताई? मुलासाठी का साहेबांसाठी?"

शोरूममधल्या पोरानं सहज विचारलं. त्यात कुजकेपणा अजिबात नव्हता. चोवीस-पंचवीसचं पोर, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. २०२५ चा जून महिना होता आणि मी छत्रपती संभाजीनगरच्या एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये उभी होते. अंगात कॉटनचा ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, खांद्याला पर्स आणि पर्समध्ये माझी मोजमापाची टेप.

"माझ्यासाठीच," मी म्हटलं.

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा गाडीकडं पाहिलं, आणि मग आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं. हे भिंतीवरचं बर्फाळ डोंगराचं पोस्टर अगदी मन लावून वाचत होते. पोस्टरवर एकही अक्षर नव्हतं!

मी तलवाड्याची. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं, त्वरिता देवीचं तलवाडा. गावात माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे, ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं. लेक सासरी नांदतेय, मुलगा पुण्यात नोकरीला. वय सेहेचाळीस, उंची पाच फूट दोन इंच, वजन छप्पन्न किलो. हे आकडे एरवी कुणी पेपरात छापायला देत नाही, पण पुढं त्यांची गरज पडणार आहे म्हणून सांगून टाकते.

आणि गाडी? तिला म्हणतात 'ॲडव्हेंचर टूरिंग' मोटारसायकल. साध्या भाषेत सांगायचं तर लांबच्या आणि वाईट रस्त्याची गाडी. उंच असते, पुढचं चाक मोठं, स्प्रिंगा लांब, पेट्रोलची टाकी ऐसपैस, मागं सामान बांधायला जागा. या जातीची सुरुवात जर्मनीतल्या बीएमडब्ल्यू कंपनीनं १९८० साली काढलेल्या आर ८० जी/एस या गाडीपासून धरतात. डांबरी रस्त्यावर आणि रानात, दोन्हीकडं चालणारी एकच गाडी, ही त्यामागची कल्पना. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, त्या गाडीनं वाळवंटातली पॅरिस-डकार शर्यत जिंकली आणि मग सगळ्यांनाच तशी गाडी काढावीशी वाटू लागली. आपल्याकडं सर्वसामान्यांच्या आवाक्यात ती आली रॉयल एन्फिल्डच्या हिमालयनमुळं, २०१६ मध्ये. २०२० मध्ये केटीएमची ३९० ॲडव्हेंचर आली. ती आपल्या पुण्याजवळच्या चाकणलाच तयार होते. मी जी बघायला गेले होते ती नवी हिमालयन ४५०, नोव्हेंबर २०२३ मध्ये बाजारात आलेली. इंजिन ४५२ सीसी. वजन १९६ किलो.

म्हणजे माझ्या नेमकं साडेतीन पट!

आता म्हणाल, या बाईच्या डोक्यात हे आलं कुठून? त्याला कारण आमचा रस्ता. जाहिरातीत या गाड्या लडाखला बर्फात दाखवतात. मला नेहमी वाटतं, त्यांनी एकदा पावसाळ्यात आमच्याकडं यावं. आमची काळी जमीन. दोन सरी पडल्या की चिखल चाकाला असा चिकटतो की मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि चाक फिरेनासं होतं. पैठणच्या उजव्या कालव्याकडेचे रस्ते, वाड्या-वस्त्यांचे रस्ते, मुरूम टाकून सोडलेले रस्ते. मी दर आठवड्याला कापड आणायला, शिवलेलं पोचवायला ॲक्टिव्हावर फिरते. गाडी गुणी आहे, पण तिचं पुढचं चाक १२ इंची, मागचं १० इंची. हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची. खड्डा तोच असतो हो, पण लहान चाक त्यात उतरतं आणि मोठं चाक त्यावरून जातं. हे मला कुणी सांगावं लागलं नाही, माझ्या कमरेनंच शिकवलंय.

आणि दुसरं कारण आहे नवस म्हणा, हौस म्हणा. मला साडेतीन शक्तिपीठं स्वतः गाडी चालवत करायची आहेत. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर आणि वणीची सप्तशृंगी. तलवाड्याहून निघून परत तलवाड्याला, दीड-पावणेदोन हजार किलोमीटर तरी होतील. एसटीनं तुळजापूर, कोल्हापूर झालंय, जीपमध्ये कोंबून माहूरही झालंय. पण घाटात कुठं थांबावंसं वाटलं तर थांबता आलं नाही. ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याच्या मर्जीनं चहा, त्याच्या मर्जीनं लघवी. बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. पहिला प्रश्न जाऊबाईंचा. "आगं, येवढी मोठी गाडी कामून लागायली तुला? गरज काय?" मग दुकानात मापं द्यायला येणाऱ्या प्रत्येकीचा तोच प्रश्न. "गरज काय बाई?" मी हसून सोडून द्यायचे. पण रात्री मशीनवर बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. जाऊबाईंच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, तीन वर्षांपूर्वी बुलेट घेतली. वजन १९५ किलो. ती गाडी गेवराईच्या पुढं फार तर बीडपर्यंत गेली असेल. एरवी पारावर उभी असते. त्याला कुणी विचारलं नव्हतं, गरज काय म्हणून. उलट पेढे वाटले होते, मीच खाल्ले होते दोन.

पुरुषानं घेतली की हौस, बाईनं घेतली की गरज सिद्ध करा! हे काही नवं नाही म्हणा. मी प्राथमिक शाळेत असताना आमच्याकडं नर्सबाई लुनावर यायच्या. लुना आली १९७२ साली, कायनेटिकवाल्यांची, तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या कारखान्यात बनायची. पन्नास सीसीची ती चिमुरडी गाडी, पायडल मारत सुरू करायची. पण नर्सबाई आल्या की पारावरची माणसं बोलणं थांबवून बघत बसायची. "बाईमाणूस गाडीवर!" त्याच माणसांनी पुढं आपल्या लेकींना कॉलेजला जायला स्कूटी घेऊन दिली, सुनांना ॲक्टिव्हा घेऊन दिली. तेव्हा "लोक काय म्हणतील" ही गोष्ट तराजूत टाकायचीच नाही, असं मी ठरवलं. तिचं वजन दर वीस वर्षांनी बदलतं. भरवशाचं माप नाही ते.

पण सगळेच प्रश्न असे उडवून लावण्यासारखे नव्हते. "धोका आहे," हे म्हणाले, तेव्हा मी गप्प झाले. कारण धोका म्हणजे काय ते आमच्या घरानं पाहिलंय.

२०११ मध्ये माझी आई भावाच्या मोटारसायकलवरून पडली. मागं बसली होती, आपण सगळ्याच बसतो तशी, एका बाजूला दोन्ही पाय सोडून. एका हातात मांडीवरची पिशवी, दुसरा हात सीटच्या मागच्या दांडीला. रस्त्यावर नवा स्पीडब्रेकर झालेला, त्याला पांढरे पट्टे नव्हते. भावाला दिसला नाही. तो हँडल धरून होता, त्याला नुसता हिसका बसला. आई उडून मागं पडली. डोक्याला अकरा टाके, खुब्याचं हाड मोडलं. जीव वाचला, पण तेव्हापासून काठी आली. गेवराईच्या घरात ओट्यापासून न्हाणीपर्यंत, एवढंच तिचं चालणं.

आपल्या देशात मोटारसायकलला मागच्या चाकाशी जाळी असते बघा, जिला आपण साडीगार्ड म्हणतो. ती हौसेनं लावलेली नसते, कायद्यानं लागते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम आहे. मागं बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून निम्मं तरी चाक झाकलेलं हवं. नियम चांगलाच आहे, त्यानं किती पदर आणि ओढण्या वाचल्या असतील. पण वाचला तेव्हा मला जाणवलं की आपण गाडीवर एका बाजूला बसणार, हे सगळ्यांनी किती पक्कं धरून ठेवलंय. डोक्याला हेल्मेट नाही, दोन्ही पाय एकीकडं, तोल दुसऱ्याच्या हातात, पुढचा खड्डा दिसत नाही. गाडीवरची सगळ्यात धोक्याची जागा कुठली असेल तर ती हीच. आणि या जागेवर बसू नकोस, असं मला आजवर कुणीही म्हणालेलं नाही!

मी हे ह्यांना बोलून दाखवलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, जाऊन तर बघू." म्हणून आम्ही संभाजीनगरला गेलो होतो.

तर शोरूममध्ये मी टेप काढली. सीटची उंची ८२५ मिलिमीटर, म्हणजे साडेबत्तीस इंच. माझ्या पायाची आतली लांबी अठ्ठावीस. फरक साडेचार इंच. पोरगा म्हणाला, बुटक्या सीटचा पर्याय मिळतो, त्यानं ८०५ पर्यंत खाली येते. गाडीवर माणूस बसलं की स्प्रिंगा दबून आणखी थोडी उतरते. शिवाय दोन्ही पाय टेकायची गरजच नसते. सीटवर जरा डावीकडं सरकायचं, डावा पाय टेकवायचा, उजवा ब्रेकवर. मी बसून पाहिलं. डाव्या पायाचा चवडा टेकला. मन एकदम हललं.

"टेस्ट राईड घ्यायची का?" मी विचारलं. पोरानं लायसन्स मागितलं. बघितलं आणि परत दिलं. "ताई, यावर नाही देता येणार. हे विनागिअरचं आहे."

मैत्रिणींनो, तुमचंही लायसन्स एकदा काढून बघा. स्कूटी, ॲक्टिव्हा शिकून काढलेलं असेल तर त्यावर एमसीडब्ल्यूओजी असं लिहिलेलं असतं. म्हणजे विनागिअर दुचाकी. गिअरच्या मोटारसायकलला एमसीडब्ल्यूजी लागतं. ते नसताना मोटारसायकल चालवली आणि काही बरंवाईट झालं तर दंड तर होतोच, विम्याच्या दाव्यातही अडचण येते. वीस वर्षं लायसन्स पर्समध्ये बाळगते, पण त्यावर काय लिहिलंय ते मी कधी वाचलं नव्हतं. तीन लाखांच्या गाडीपासून मला अडवलं ते त्या एका 'ओ'नं!

मग काय, पुन्हा शिकाऊ परवाना. ऑनलाइन अर्ज, परीक्षा, आणि तीस दिवस झाल्याशिवाय पक्कं लायसन्स नाही. शिकायचं कशावर? पुतण्याच्या बुलेटवर. तिचं वजन हिमालयनइतकंच, म्हणून ती बरी. पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात आम्ही जायचो. पुढं लाल 'एल' लावलेला, मागं पुतण्या. सुरुवातीला बिचारा देवाचं नाव घेत बसायचा. क्लचचं मात्र मला फार जड गेलं नाही. शिलाई मशीनची मोटार असते ना, तिच्यावर पाय अर्धा दाबून सुई हळूहळू चालवायची सवय होती. घाई केली की टाका तुटतो, तसंच इथं गाडी बंद पडते.

चौथ्या दिवशी गाडी पडली. उभ्या उभ्या पडली. वळवताना उजवा पाय टेकायला गेले, तिथं नेमका खळगा होता. मी बाजूला झाले, लागलं काही नाही, पण ती आडवी पडलेली गाडी बघून रडू आलं. पुतण्या उचलायला धावला. ह्यांनी त्याला थांबवलं. "तिला उचलू दे. माहूरच्या घाटात तू असणार आहेस का?"

ह्यांचं आयुष्य विहिरीतल्या मोटारी वर काढण्यात गेलं. "जोर कमी, टेकू जास्त," हे त्यांचं वाक्य. गाडी उचलायची पद्धत मग आम्ही नीट शिकलो, ती तुम्हालाही सांगते. आधी इंजिन बंद. गाडी गिअरमध्ये टाकायची म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडं पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड काढून ठेवायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडं पडते. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग गाडीकडं पाठ करायची, सीटच्या कडेला कंबर टेकवून खाली बसायचं, एका हातानं हँडलची मूठ, दुसऱ्या हातानं मागची दांडी धरायची. पाठ ताठ. आणि हातानं न ओढता पायानं रेटा देत छोटी छोटी पावलं मागं टाकत जायचं. पहिल्यांदा नाही उचलली गेली. दुसऱ्यांदा अर्ध्यावर आली. तिसऱ्यांदा उभी राहिली.

त्या दिवशी मी १९६ किलोंची भीती अर्धी केली. उरलेली अर्धी गाडी मागं ढकलण्याची होती. उतारावर तोंड करून लावलेली गाडी मागं ओढणं मला आजही जमत नाही, आणि जमेल असं वाटतही नाही. त्यावर पुतण्यानंच उपाय सांगितला. "काकू, लावतानाच निघायचा इचार करायचा. तोंड रस्त्याकडं ठेवायचं." किती सोपं! जे अंगात नाही ते डोक्यानं भरून काढायचं.

ऑगस्टमध्ये बीडला आठाचा आकडा काढून लायसन्स मिळवलं. रांगेत बाकी सगळी पोरं, मी एकटी बाई. पुन्हा संभाजीनगर, पुन्हा तेच शोरूम, तोच पोरगा. या वेळी त्यानं चावी दिली. वीस मिनिटं चालवली. खरं सांगू? चालू झाली की तिचं वजन कुठं जातं कळत नाही. खड्डा आला तर उभं राहून जायचं, गाडी खाली आपली आपण नाचते. पक्क्या रस्त्यावर एबीएस आहेच, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जागेवर अडकून घसरत नाही. सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना २०१९ पासून ते सक्तीचंच आहे. या गाडीत मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोयही दिलेली. सुट्या मुरमावर, खडीवर ते कधी कधी थांबायला जास्त अंतर घेतं, म्हणून. परत आले तेव्हा मी हेल्मेटच्या आत हसत होते.

आता उरला पैशाचा हिशेब. आणि तो सगळ्यात जड निघाला.

शोरूमची किंमत तीन लाखांच्या आसपास. त्यावर रस्ता कर, पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, बाकीची जोडसामग्री. माझ्याकडं भिशीचे आणि पोस्टातल्या आरडीचे मिळून सव्वादोन लाख होते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि त्यावरच्या गाड्यांचा उपकरासकट ३१ होता तो ४० झाला. पुतण्याची बुलेट स्वस्त झाली, माझी हिमालयन महाग! हातात येईपर्यंत पावणेचार लाखांच्या घरात. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई तीनशे धरली तर साडेबाराशे ब्लाउज. दीड लाखाचं कर्ज, तीन वर्षं, महिन्याला पाच हजारांच्या आसपास हप्ता. एरवी लग्नसराईच्या जिवावर मी हा हप्ता भरला असता.

पण त्याच सप्टेंबरात आमच्याकडं आभाळ फाटलं. मराठवाड्यातल्या अतिवृष्टीच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. सिंदफणा, गोदावरी पात्राबाहेर आल्या. कापूस उभ्या जागी काळा पडला, सोयाबीन पाण्यात कुजलं. कित्येकांची माती वाहून गेली. अशा वर्षी दिवाळीला कोण नवे ब्लाउज शिवणार? माझ्या दुकानात दिवाळीच्या आधी पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी मी रिकाम्या मशीनसमोर बसून होते. येणाऱ्या बायका जुनेच ब्लाउज उसवून ढिले करून मागत होत्या. काहींची शिलाई मी घेतलीच नाही.

एका संध्याकाळी मी वही काढली आणि ओळ मारली. नवी गाडी घ्यायची नाही.

वाईट वाटलं? वाटलं तर. पण एक समाधान होतं. मी उंचीमुळं नाही म्हणाले नव्हते, वजनामुळं नाही, वयामुळं नाही, लोकांमुळं तर नाहीच. हिशेब माझा होता, नकारही माझा होता. आपण बायका किती गोष्टींना "नको" म्हणतो! त्यातले किती नकार आपले असतात आणि किती दुसऱ्यांनी आपल्या तोंडात घातलेले असतात, हे एकदा मोजून बघायला हवं. तोलून पाहिल्यावर ठेवून दिलेली वस्तू वेगळी आणि हातच न लावलेली वेगळी.

त्याच दिवसांत कुठंतरी ॲन-फ्रान्स दोतव्हील या फ्रेंच बाईविषयी वाचलं. १९७३ मध्ये ती एकटी मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाली, तीही कावासाकीच्या १२५ सीसीच्या गाडीवर. म्हणजे आपल्या ॲक्टिव्हाहून जेमतेम मोठी! नोराली नावाची डच मुलगी तर २०१८ मध्ये भारतात आली, इथं हिमालयन घेतली, तिचं नाव ठेवलं 'बसंती' आणि पुढं ती चालवत आपल्या देशी पोचली. तीही जुनी, ४११ सीसीची हिमालयन. आपल्या पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ मध्ये नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. पुण्यातच २०११ साली 'बायकर्नी' हा बायकांचा मोटारसायकल गट सुरू झाला. ज्या वर्षी माझी आई मागच्या सीटवरून पडली, त्याच वर्षी पुण्यात बायका एकत्र येऊन पुढच्या सीटवर बसत होत्या. दोनअडीचशे किलोमीटरचं अंतर, पण केवढं लांब!

नोरालीच्या गाडीवरूनच जुन्या हिमालयनचं सुचलं. नवी आल्यावर ती बंद झाली, पण वापरलेल्या गाड्या मिळतात. पुन्हा टेप काढली. सीट ८०० मिलिमीटर, साडेएकतीस इंच. माझ्या पायाशी फरक साडेतीन. पुन्हा साडेतीन! वजन नवीइतकंच. ताकद कमी, वेग कमी. पण मला कुठं शर्यत लावायची होती? नव्या गाडीचं इंजिन पाण्यानं थंड होतं, तिच्यात स्क्रीन आणि नकाशा आहे. जुनीचं इंजिन हवेवर आणि तेलावर चालतं, साधं आहे. तालुक्याचा मिस्त्री म्हणाला, "ही माझ्या हातातली हाय."

संक्रांतीनंतर, २०२६ च्या जानेवारीत, बीडच्या एका गृहस्थांची २०२१ ची गाडी मिळाली. दीड लाखाला. कर्ज नाही, हप्ता नाही. जुनी गाडी घेताना काय बघायचं तेही लिहून ठेवते. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा दाखला, आरसी आपल्या नावावर, विमा आपल्या नावावर, पीयूसी, आणि जुने ई-चलान थकलेले आहेत का. पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय का, हँडल वळवताना खटका लागतो का, चेन आणि स्प्रॉकेट किती झिजलंय. आणि मिस्त्री सोबत न्यायचा, त्याची हजेरी देऊन. चहावर बोळवण करायची नाही. उरलेल्या पैशातून मी आधी चांगलं हेल्मेट, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट घेतले. ओढणी दुकानात ठेवून जाते. ड्रेसचा कुर्ता मीच आखूड शिवलाय, आत गुडघ्याला जाड गादी घालून. शिवणकाम आपलं, मग लाज कशाला?

पहिल्यांदा गाडी घेऊन गेवराईला आईकडं गेले. ती ओट्यावर काठी टेकून बसली होती. भाऊ बाहेर आला आणि काही न बोलता गाडीभोवती एक चक्कर मारून आला. २०११ चं ओझं तोही वाहतोच आहे. आईनं गाडीची टाकी हातानं चाचपली, मूठ धरून बघितली.

"ह्ये धरून बसायचं व्हय?"

"हो आई."

"बरंय. धरायला दोन्ही हातांना हाय."

एवढंच म्हणाली आणि मला चहा टाकायला लावला.

शक्तिपीठं अजून व्हायचीत. एकदम चारही नाही जमणार, आधी तुळजापूर. मांजरसुंब्याचा घाट चढून जायचं, वाटेत वाटेल तिथं थांबायचं. जाऊबाई परवा विचारत होत्या, मागं बसायला जागा कशी आहे म्हणून. मी सांगितलं, जागा ऐसपैस आहे, पण अट एकच. दोन्हीकडं पाय टाकून बसायचं आणि डोक्याला हेल्मेट घालायचं.

"म्हंजी मला ड्रेस घालावा लागंल," त्या म्हणाल्या.

माप घेतलंय. उद्या कापड कापायला घेते.